बर्फमास्तरांची परीक्षा

बर्फमास्तर स्वतः काढलेल्या पेपराला स्वतः बसायचे, आणि पेपर हातात पडला की दचकायचे.

हे मी पदरचं सांगत नाही. बेल्लमपल्लीच्या बर्फाच्या कारखान्याला लागून एक सरकारी जमात, म्हणजे वर्ग, भरायची, तिथं मी उमेदवार होतो. परीक्षेच्या दिवशी माझी चटई मास्तरांच्या चटईच्या शेजारी असायची. पेपर त्यांनीच काढलेला, त्यांनीच सुंदर उर्दू अक्षरात नकललेला, आणि स्वतःलाही दिसू नये म्हणून पेटीत कुलूपबंद केलेला. खाणीचा भोंगा झाला की ते उठायचे, पेटी उघडायचे, आम्हाला एकेक कागद वाटायचे, उरलेला स्वतःच्या चटईवर पालथा ठेवायचे. मग मांडी घालून बसायचे, कागद उलटायचे आणि पहिला सवाल वाचून म्हणायचे, "अरे बाप्पा! हे कोठून काढलं?"

पेपर संपल्यावर कडुनिंबाखाली आमच्यात येऊन उभे राहायचे. "या सालचा परीक्षक मोठा खट निंगाला. तिसरा सवाल पाह्यला का? हे शिकवलं होतं काय आपल्याले?"

"नाही शिकवलं, मास्तर," आम्ही एका सुरात.

"मंग? उस्तादाची चूक हाय. त्याले सांगा लागते."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी तिसरा सवाल शिकवायला घ्यायचे.

निजामाचं राज्य होतं. मुलूख असा की उन्हाळ्यात कावळासुद्धा सावलीतून सावलीत उडायचा. त्यात कोळशाच्या खाणीचं गाव. दवाखान्याला बर्फ हवा, साहेबांच्या बंगल्यांना हवा, स्टेशनावरच्या सोडावाल्याला हवा. एका सेठनं कारखाना टाकला, आणि यंत्र चालवायला माणसं मिळेनात म्हणून सरकारी खात्यानं त्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ही जमात उघडली. थंडीच्या यंत्रांचं काम शिकवणारी.

आता शिकवणार कोण? खात्याचा नियम स्वच्छ होता. उस्तादाला यंत्रावरचा अनुभव पाहिजे, उर्दूतून शिकवता आलं पाहिजे आणि त्याच हुन्नराची सनद पाहिजे. मास्तरांकडे पहिल्या दोन गोष्टी भरपूर. मुंबईच्या बर्फखान्यात आणि आगबोटींच्या थंड कोठारांत त्यांचं तारुण्य गेलेलं. सनद मात्र नव्हती, कारण ते शिकले तेव्हा सनद देणारी शाळाच नव्हती. आमच्या भागात अशी सनद देऊ शकेल अशी एकच जमात होती, ती मास्तरांची. आणि सनद नसलेल्या उस्तादानं दिलेली सनद चालत नव्हती.

हा गुंता सुटेना म्हणून खात्यानं मास्तरांना 'मुन्सरिम' नेमून टाकलं. मुन्सरिम म्हणजे हंगामी. पक्का माणूस मिळेपर्यंत. पक्का माणूस काही मिळेना आणि मास्तर वर्षानुवर्षं हंगामी राहिले. केस पिकले तेही हंगामीच.

म्हणून ते परीक्षेला बसायचे. "उस्ताद पास पाहिजे म्हणतेत ना? मंग करून दाखवतो पास." स्वतःचा पेपर स्वतः तपासायचे, तोही निर्दयपणे, जेमतेम पास व्हायचे आणि निकाल हैद्राबादेला धाडायचे. तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, की परीक्षेला खात्याचा अधिकारी हजर नव्हता, सबब मंजूर नाही.

आता या जमातीत माझ्यासारखा प्राणी कसा शिरला तेही सांगतो. माझं घर बोथ गावाकडचं. कापूस आणि ज्वारीची शेती, तीन भाऊ शेतात. मी शेतात गेलो की बैलसुद्धा माझ्याकडे दयेनं बघायचे, म्हणून मला शिकायला घातलं. मी मॅट्रिकला उर्दूत नापास झालो, हिशेबात नापास झालो आणि भूगोलात वर्गाबाहेर काढला गेलो. वडिलांनी कोणाकडून तरी ऐकलं की बेल्लमपल्लीला बर्फ शिकवतात. म्हणाले, "जाय लेका. बर्फाले काई अक्कल लागत नसंन."

मास्तर तेव्हा यंत्राच्या खोलीच्या दारात उभे होते. बुटका, रुंद माणूस. अंगात गळाबंद कोट, डोळ्यांवर मोटार हाकणारे लावतात तसला जाड काचांचा चष्मा. कायम. झोपेतही लावतात अशी वदंता होती.

"नाव काय?"

"गणपत वानखडे."

"शिक्षण?"

मी खाली मान घातली. मास्तरांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या नाकाकडे, बराच वेळ पाहिलं. माझं नाक हा आमच्या घराण्यातला दुःखाचा विषय आहे. मी खोलीत येतो त्याच्या थोडं आधी ते येतं. गावात त्याच्यावरून काय काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

मास्तरांनी एक बाटली उघडली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. "वास येऊन राह्यला का?"

"येते जी. लघवीसारखा."

"शाबास. भरती."

अशा रीतीनं आयुष्यात पहिल्यांदा मी कुठली तरी परीक्षा पास झालो. त्या दिवसापासून मास्तर मला नाकाडे म्हणू लागले. वानखडे हे नाव त्यांनी परत उच्चारलं नाही.

बाटलीतला तो वास अमोनियाचा. बर्फाचं सगळं यंत्र त्याच्या जिवावर चालायचं. मास्तर त्याला मोनाबाई म्हणायचे. "मोनाबाई नळीत हाय तोवर लक्ष्मी. बाहेर आली का काळ. डोळे घेईल, छाती घेईल, जीव घेईल. म्हून आधी वास घ्यायले शिका. गेजचा काटा मांगून वाचजा."

मोनाबाईच्या खालोखाल त्यांचं दुसरं वेड म्हणजे थंडी. थंडी नावाची वस्तूच जगात नाही, असं त्यांचं ठाम मत. "थंडी नावाची चीजच नाई बे! गर्मी असते. गर्मी काढून घेतली का जे उरते त्याले अडाणी लोक थंडी म्हणतेत." हे शास्त्राला धरून आहे, पण मास्तर ते बाजाराला धरून बोलायचे. सोडावाल्याकडे जाऊन म्हणायचे, "एक गर्मी काढलेला सोडा दे." सोडावाला नवखा असला तर घाबरून दोन द्यायचा. पौषात सगळं गाव शेकोटीला कुडकुडत असलं की हे येऊन सांगायचे, "आज गर्मी लय निंगून गेली, नाई?"

एकदा म्हणाले, "नाकाडे, लिहून ठेव. एक दिवस कचेऱ्यांमधली गर्मी काढतीन. पुरी खोलीच्या खोली. तालुकदारसाहेब भर वैशाखात कोट घालून बसतीन."

"मग मास्तर, कारकून झोपतील."

"आताही झोपतेतच. तवा घाम न येता झोपतीन. तेवढाच सरकारचा फायदा."

मी जमातीत किती मागे होतो हे सांगायची तशी गरज नाही, पण सांगतो. मिठाच्या पाण्याच्या हौदात साच्याचे डबे सोडून त्यात बर्फ धरवायचा असतो. पहिल्याच हप्त्यात मी डब्यात गोडं पाणी भरायचं विसरलो आणि रिकामे डबे गारठवले. मास्तरांनी ते वर काढले, आत डोकावले आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, "पाहा रे. नाकाड्यानं हवेतली गर्मी काढली. हा पुढच्या जमान्याचा माणूस हाय." माझ्याबरोबर राजय्या नावाचा मंचेरियाल बाजूचा तेलुगू मुलगा होता. तो हुशार. एकदा दाखवलं की त्याच्या हातात बसायचं. मला दहादा दाखवलं की मास्तरांच्या हातात आणखी पक्कं बसायचं. पहिल्या साली मी नापास झालो, दुसऱ्या साली झालो. राजय्या दर साली पास व्हायचा, पण निकालच मंजूर होत नसल्यानं तोही जमातीतच. मास्तर म्हणायचे, "तू नापास होऊन राह्यला, पण तुहा अनुभव वाढून राह्यला. हे पास होणाऱ्याच्या नशिबात नसते."

एका उन्हाळ्यातली दुपार. मास्तर यंत्राच्या खोलीत आम्हाला शिकवत होते. पट्टा धपधप फिरत होता, नळ्यांवर पांढरं दहिवर साचलेलं. मास्तर एका सांध्यावर हात ठेवून, माझ्याकडे पाठ करून, नळीतून वायू कसा पळतो ते रंगून सांगत होते. आणि मला वास आला.

मला वाटलं, मास्तर आमची परीक्षा घेत आहेत. मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावात दोन गोष्टी आहेत. कळलं नाही तर मी गप्प राहतो, आणि कळलं तरी गप्प राहतो. वास वाढला. राजय्याचे डोळे गळायला लागले. मास्तर त्याच सांध्याशी तोंड नेऊन बोलतच होते. शेवटी राजय्यानं उपरणं तोंडाला लावलं आणि दाराकडे धाव घेतली. त्याच्यामागे मी.

"कोठी पळून राह्यले बे? काऊन?"

"वास, मास्तर! वास!"

"कोणता वास?"

हे दोनच शब्द. पण ते म्हणताना त्यांचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. क्षणभरच. मग त्यांनी कोटाच्या खिशातून गंधकाची वात काढली, पेटवली आणि सांध्याजवळ धरली. वातीचा धूर दाट पांढरा झाला. अमोनिया असला की तसा होतो. मास्तरांनी रुमाल ओला करून तोंडाला बांधला, झडप बंद केली, पाना घेऊन सांधा आवळला, खिडक्या उघडल्या. सगळं चोख. बाहेर येऊन म्हणाले, "शाबास. मी पाहून राह्यलो होतो, तुमाले कळते का नाई."

राजय्याला ते पटलं. मीही मान हलवली. पण परत आत जाण्याआधी मास्तरांनी आणखी एक वात पेटवून पुढं धरली, ते मी पाहिलं.

सारा जन्म मोनाबाईच्या संगतीत काढला, तिनं त्यांचं नाक नेलं होतं. डोळ्यांना झोंबणं चष्म्यानं अडवलेलं. घसा तर कायमचाच बसका. मग मला उमजलं की इतक्या मुलांतून या माणसानं मॅट्रिक नापास गणपत का उचलला होता.

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरताना ते फक्त म्हणाले, "नाकाडे, तू माह्या उजव्या बाजूनं उभा राह्य." मी राहिलो. आणि कुठं जरा वास आला की मी खोकायला लागलो. खोकलो की मास्तर बोलता बोलता थांबायचे, हवेत नाक उंच करायचे आणि म्हणायचे, "थांबा! वास येऊन राह्यला." पोरं चकित व्हायची. म्हातारा काय नाक घेऊन जन्मला आहे! खरं नाक शेजारी उभं राहून खोकत असायचं.

याचा त्रास एकट्या मला झाला. गुडीहत्नूरहून एका मुलीचे वडील मला बघायला आले. मास्तरांनी त्यांना मोठ्या हौसेनं यंत्राची खोली दाखवायला नेलं, आणि नेमका त्या दिवशी कुठला तरी सांधा ढिला. मी खोकलो. ते चमकले. मी आणखी खोकलो, कारण मास्तरांचं लक्ष पाहुण्यांकडे होतं. मास्तर अखेर म्हणाले, "वास येऊन राह्यला," तोवर पाहुणे दोन पावलं मागं सरकले होते. "पोरगा भला आहे," जाताना ते म्हणाले, "पण छातीचं आधी कोण्या डाक्टरले दाखवा." स्थळ मोडलं, आणि गावात वडिलांच्या कानावर गेलं की गणपतला क्षय लागला. आईनं नवस बोलले. मी खरं सांगू शकत नव्हतो. मास्तर त्या संध्याकाळी माझ्यासाठी सोडा घेऊन आले, गर्मी काढलेला, आणि तो पिऊन होईपर्यंत जवळ बसून राहिले.

आणि त्या साली हैद्राबादेहून खात्याचे मोहतमिम स्वतः परीक्षेला आले. मोहतमिम म्हणजे त्या खात्याचे मोठे साहेब. शेरवानी, तुर्की टोपी, तोंडात पान, स्वभावानं देवमाणूस. आल्या आल्या मास्तरांना मिठी मारली. म्हणाले, "चिंचोलकर साहब, बहुत साल हो गए। अब के मैं खुद हाजिर हूँ। आप इम्तिहान दीजिए, मैं दस्तखत करता हूँ, आप पक्के। आगे वजीफा भी मिलेगा।" वजीफा म्हणजे पेन्शन.

मास्तरांचं नाव वामनराव चिंचोलकर होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पेपर झाला. मास्तर दचकले, "बाप्पा!" म्हणाले, लिहीत बसले. मोहतमिमसाहेब हसून हसून लाल झाले. उरली हाताची परीक्षा. तिच्यातला शेवटचा सवाल मास्तरांनीच जमात उघडली तेव्हा घालून ठेवलेला, आणि त्यांनी तो कधी बदलला नव्हता. उमेदवारानं डोळ्यांवर पट्टी बांधून स्टुलावर बसायचं. दुसऱ्यानं अमोनियाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं लांबून हळूहळू जवळ आणायचं. वास आला की हात वर करायचा. ठरलेल्या रेघेच्या आत फडकं आलं आणि हात वर झाला नाही, तर बाकीचं कितीही येवो, नापास. मागच्या सालांत मास्तरांच्या पाळीला फडकं नेण्याचं काम माझ्याकडेच असायचं, आणि मला नेमका तेव्हाच खोकला यायचा.

राजय्याचा हात वेळेवर वर झाला. माझा हात फडकं बाटलीत बुडवायच्या आधीच वर झाला. "ये तो वली है, पीर है," मोहतमिमसाहेब म्हणाले. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

मग मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी तो जाड चष्मा काढला. आम्ही त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. बारीक, पिंगट, थकलेले. राजय्यानं पट्टी बांधली. मी फडकं घेऊन भिंतीपासून निघालो.

मी चालत होतो आणि मनात म्हणत होतो, आता खोकायचं, जरा पुढं गेल्यावर. साहेब खुर्चीत पुढं झुकून बघत होते. रेघेच्या पाव हात अलीकडे मी खोकलो. सराईत खोकला, इतक्या दिवसांचा कमावलेला.

मास्तरांचा हात मांडीवरून हलला नाही.

मी आणखी खोकलो. जोरानं. मास्तर तसेच बसलेले. मी रेघ ओलांडली. त्यांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, फडक्यानं माझेच डोळे वाहायला लागले. मास्तर शांत. मग त्यांनी स्वतःच पट्टी सोडली, फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"खोकला कोणाचा होता?" त्यांनी विचारलं.

मी फडकं पाठीमागे लपवलं.

"उमेदवार नापास," मास्तर म्हणाले.

मोहतमिमसाहेब उठले. त्यांच्या ध्यानात सगळं आलं असावं. ते खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "चिंचोलकर साहब, मैं तो बाहर देख रहा था। मैं कुछ देखा नहीं। फिर से कर लीजिए।"

"आप नहीं देखे साहब. मुम्तहिन देखा." मुम्तहिन म्हणजे परीक्षक.

"मुम्तहिन कौन है?"

"मैंच."

साहेबांनी मागं वळून मराठीत, मोडक्या तोडक्या, विचारलं, "काऊन करता असं? इतके साल चालला ना?"

"चाललं साहेब," मास्तर म्हणाले, "हंगामी होतो म्हून चाललं. हंगामी माणसाचं एक असते, उद्या कोणी येईन, परवा कोणी येईन. पक्का उस्ताद म्हंजे तो या खोलीत मरेपर्यंत उभा राह्यते, पोरांले घेऊन. हा नाकाडे काय जन्मभर माह्या बाजूनं उभा राहून खोकणार हाय? याचं लगन मोडलं माह्या पायी."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तो सोडा कशाचा होता ते मला आता कळलं.

पुढचं झटपट झालं. आता परीक्षेला अधिकारी हजर होता, त्यामुळे निकाल खरा धरला गेला. राजय्या पहिला आला आणि त्याला खाणीत आधीच चांगली जागा ठरलेली होती, तिकडे गेला. उरलो मी, या खेपेला पास झालेला. सनद होती. मोहतमिमसाहेबांनी ती लिहिताना दिवसभर कानावर पडलेलं नाव घातलं, त्यामुळे सरकारदरबारी मी आजतागायत गणपत नाकाडे आहे. उर्दू साहेबांना कळेल इतपत येत होतं. आणि अनुभव? नापास होता होता मी तो भरपूर कमावला होता. उस्तादाच्या नियमात मी बोट ठेवायला जागा नाही असा बसलो.

"मास्तर, मला शिकवता नाही येणार," मी म्हणालो. पाय धरले.

"ज्याले लवकर येते त्याले शिकवता येत नाई," ते म्हणाले. "तुले एकेक गोष्ट दहादा समजवा लागली. कोठं अडते ते तुह्याइतकं कोणाले माईत?"

पक्का माणूस मिळाल्यावर हंगामी मोकळा. त्यांनी पेटी भरली. गावाला जातो म्हणाले. मी स्टेशनवर पेटी घेऊन गेलो. गाडी आली, थांबली. मास्तर फलाटावर इंजिनाकडे बघत उभे. वाफ कुठून गळते ते त्यांनी मला दाखवलं. शिट्टी झाली, गाडी सुटली, मास्तर तिथंच.

"काऊन नाही बसले मास्तर?"

"डब्यात गर्मी लय होती."

दुसऱ्या दिवशी परत गेलो. गाडी आली आणि गेली. मास्तर पेटीवर बसून होते. त्या दिवशी त्यांनी कुठली सबब सांगितली नाही. मीच विचारलं, "तिकीट कुठलं काढलं होतं?"

"काढलंच नाई. बाबूनं पुसलं, कोठचं देऊ. मले सांगता नाई आलं."

फलाट रिकामा झाला होता. लांबवर खाणीचा धूर सरळ वर चालला होता. या माणसाला कोणी नाही, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. रोज दिसणाऱ्या माणसाला कोणीतरी असणारच असं आपण धरून चालतो. मला धीर द्यायचे शब्द कधीच वेळेवर सुचत नाहीत. जे तोंडाला आलं ते बोललो.

"मास्तर, जमातीत एक जागा खाली आहे. उमेदवाराची."

"अट काय हाय?"

"फार काही नाही. त्याच्याकडे सनद नसली पाहिजे."

"नाई हाय," मास्तर म्हणाले, आणि असे उठले की पेटी मला उचलावी लागली नाही.

तेव्हापासून ते पहिल्या ओळीत बसायला लागले. मला "जनाब" म्हणायचे. मी म्हटलं, असं नका करू, तर म्हणाले, "उस्तादाले नावानं हाक मारणारा उमेदवार मी वर्गाबाहेर काढत होतो." यंत्राच्या खोलीत मात्र कधी आले नाहीत. दाराशी थांबायचे. माझा पहिला दिवस तुम्हाला सांगतो. मी तख्त्यावर, म्हणजे फळ्यावर, यंत्राचं चित्र काढलं, ते म्हशीसारखं दिसायला लागलं. पोरं हसली. मी घाबरून निम्मा धडा गिळला आणि पुढं सरकलो. पहिल्या ओळीतून एक हात वर झाला.

"जनाब, एक शंका हाय. हे पाणी नळीवरून काऊन सोडतेत?"

नेमकं तेच मी गिळलं होतं. मी सांगितलं. पुढं आणखी अडखळलो, तर हात वर झालाच होता. असं करत करत त्यांनी माझा सगळा धडा माझ्याकडून वदवून घेतला आणि शेवटी पोरांकडे वळून म्हणाले, "उस्ताद चांगला हाय. जरा शंका पुसा लागतेत." गुडीहत्नूरच्या पाहुण्यांकडे ते स्वतः जाऊन आले. काय बोलले कोणास ठाऊक, पण लग्न जमलं, आणि माझा खोकलाही एकदम बरा झाला.

तेव्हा सुट्टी जुम्म्याची, शुक्रवारी असायची. अशाच एका शुक्रवारी सकाळी बायकोनं मला बाजाराला पिटाळलं होतं. पिशवी घेऊन कारखान्यावरून चाललो होतो. जमातीच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं. आत डोकावलो. मास्तर आपल्या चटईवर मांडी घालून बसले होते. धुतलेला कोट, केस विंचरलेले, समोर कोरा तख्ता.

"मास्तर, आज जुम्मा आहे."

"मले माईत हाय."

"मग?"

"काई नाई," ते म्हणाले. "बसलो होतो."

मी आत शिरलो. मग पिशवी कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या आणि तख्त्यापाशी जाऊन उभा राहिलो. घसा साफ केला.

"वामनराव चिंचोलकर."

मास्तर ताठ झाले. "हाजिर, जनाब."

"कुठपर्यंत आलो होतो आपण?"

त्यांनी चष्मा नीट केला. "सुरुवातीपासून घ्या, जनाब," ते म्हणाले. "आज घाई नाई."

मी खडू उचलला.